पहिलं लाल फळ

आत्याच्या टोमॅटोचा तोरा आत्याइतकाच मोठा होता. गल्लीत सगळ्यांची फळं हिरवीगार असायची, तेव्हा हिच्या वाफ्यात एखादं लाल झालेलं असायचंच. ते कोणी खायचं नाही, त्याचं बी धरायचं, हा तिचा कायदा. त्या बियांच्या पुड्या अख्खी गल्ली कौतुक करत घेऊन जायची आणि आत्या दिवसभर हवेत असायची.

अलीकडे मात्र गल्लीतली झाडं एका अंगाने सुकू लागली होती. आत्याने पाण्याला, मातीला, शेजाऱ्यांच्या आळसाला, सगळ्यांना बोल लावून पाहिले. फक्त आपल्या बियाण्याला सोडून.

भाची तिच्याच हाताखाली तयार झालेली आणि हट्टात तिच्यावरच गेलेली. तिने यंदा गुपचूप दोन ट्रे पेरले होते. एकात पहिल्या लाल फळाचं बी, दुसऱ्यात निरोगी झाडांवर मागाहून पिकलेल्या फळांचं. पुड्या वाटायच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही ट्रे आत्यासमोर टेबलावर ठेवले. पहिल्यातल्या बऱ्याच रोपांनी माना टाकल्या होत्या, दुसऱ्यातली ताठ उभी होती. माना टाकलेल्यांतलं एक तिने उभं चिरलं. आत तपकिरी रेघ होती.

"आत्या, हे जिवाणूंचं काम आहे. आजारी झाड फळ लवकर पिकवतं, आणि आपण दरवर्षी नेमकं तेच निवडलं. रोग बियांतून घरोघरी गेला."

आत्याला दुसऱ्याला मूर्ख म्हणायची इतकी सवय, की स्वतःची वेळ आली तेव्हा ती ते चिरलेलं रोपच उलटसुलट करून बघत राहिली. भाचीला तिची दया आली. उद्या गुपचूप दुसऱ्या बियांच्या पुड्या देऊ, कोणाला कळायचंही नाही, असं तिने सुचवलं.

"आणि लोकांच्या डब्यांत जुन्या पुड्या उरल्या असतील, त्यांचं काय?" आत्या म्हणाली. रात्री ती जेवली नाही.

सकाळी दारात माणसं जमली. आत्याने आवाज जराही खाली न आणता सांगितलं, की रोग आपल्याच बियांतून आला, जुन्या पुड्या असतील तर जाळून टाका. मग शेजारच्या शिंप्याने हळूच विचारलं, आता बी घ्यायचं तरी कोणाच्या भरवशावर?

आत्याने मागे उभ्या असलेल्या भाचीला दंडाला धरून पुढे ओढलं. आत्याचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"हिच्या. माझी चूक मला तोंडावर सांगायची छाती अख्ख्या गल्लीत हिचीच झाली," ती म्हणाली. "आणि हिला शिकवलं कोणी, तेही विचारा."