डाव्या चाकाची पूजा

साईशच्या सेडानला मी हातही लावणार नव्हतो. गाडी पळवायला लागेल तेवढा खर्च करायचा आणि ब्रेकचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पाडायच्या, अशा पोरांचा मला मनस्वी राग आहे. माझा भाचा म्हणून काही तो वेगळा नव्हता. पुण्याला जाऊन इंजिनाची ताकद दीडपट करून आला, आणि ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच.

शेवटी माझी थोरली बहीण सुमंगला पार्सेहून डिचोलीला माझ्या गॅरेजात येऊन बसली. साईश तिचा एकुलता एक. तो गाडी घेऊन बाहेर पडला की परत येईपर्यंत हिचा जीव टांगणीला.

"कृष्णा, पळवूक सगळ्यांनी शिकवल्यानी. तू थांबवची सोय कर," ती म्हणाली.

केली. दोन दिवस खपून मोठ्या डिस्क, जाडजूड कॅलिपर, नवे पॅड बसवले. ब्रेक ऑइल बदललं, पाइपांतली हवा काढली. इतकं चोख काम मी आयुष्यात क्वचितच केलं असेन.

मोठं काम झालेली गाडी आमच्याकडे पूजेशिवाय बाहेर पडत नाही. सुमंगलाने ताट आणलंच होतं. कुंकू टिकावं म्हणून तिने ते खोबरेलात कालवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. मग डाव्या पुढच्या चाकापाशी वाकून विचारलं, "ह्याच मा ता ब्रेकाचा?"

मी मान हलवली. चाकाच्या रुंद फटींतून डिस्क चकचकत होती. तिने हात आत घालून पाची बोटं डिस्कवर दाबली, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि वाटीतलं उरलेलं तेलही तिथेच ओतलं.

डिस्कवर तेल! त्यावर पॅडची पकडच बसत नाही. दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे झापलं असतं. पण मुलासाठी लावलेलं कुंकू आईच्या डोळ्यांदेखत पुसायचं? माझा हात धजावला नाही. ती हात धुवायला गेली की पुसू, म्हटलं. ती गेली, मी फडकं आणायला आत वळलो आणि साईशने गाडी सुरू केली.

"मामा, एक फेरी मारून येतंय!"

"थांब रे!" मी ओरडलो. त्या इंजिनाच्या आवाजात माझं कोण ऐकतो!

पुढच्याच उतारावर त्याने जोरात ब्रेक दाबला. उजव्या चाकाचा ब्रेक लागला, डाव्याचा तेलावर घसरला. गाडी झटक्यात उजवीकडे वळली आणि समोरून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकखाली गेली. साईश जागीच गेला.

बाराव्या दिवशी सुमंगलाने मला परसात गाठलं.

"ब्रेक नवे होते मा? मगे लागले कशे नाय?"

बारा दिवस मी एकच उत्तर घोकत होतो. "माजी चूक, ताई. डावीकडचो एक बोल्ट माज्याकडसून ढिलो रवलो."

ती रडली नाही, ओरडली नाही.

"माज्या दारात परत येव नको," म्हणाली आणि आत गेली.

खोटं पचेल की नाही, याचीच मला धास्ती होती. तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या भावाचा बोल्ट ढिला राहिला, हे तिला एका दमात पटलं. ते मला फार लागलं. खरं सांगावं असं रोज एकदा तरी मनात येतं. पण तिला उरलेलं आयुष्य त्याच हाताने जेवायचं आहे.