दुसऱ्या ब्रेकचा वाद

सुज्ञ वाचकहो, मनुष्याचे तारण त्याच्या स्वतःच्या निवडीने होते, की जगाच्या आरंभापूर्वी देवाने केलेल्या निवडीने, या थोर प्रश्नावर दोन नातलगांमध्ये झालेला वाद, आणि त्या वादात एका वृद्ध मातेच्या वाट्याला काय आले, हे पुढील कथेत यथामती निवेदन करीत आहे. प्रश्न मोठा आहे आणि लेखणी लहान आहे, हे आरंभीच कबूल करतो.

कथेतील मुख्य गृहस्थ मोटार शिकवण्याचा व्यवसाय करीत असत. सर्व लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या गाडीत चालकाच्या पायाशी असतो तसाच आणखी एक ब्रेक शेजारच्या आसनापुढे बसवलेला होता, आणि त्या आसनावर बसून त्यांनी बावीस वर्षांत शेकडो माणसांना गाडी शिकवली होती. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीत शास्त्राभ्यासही तेच घेत. त्यांचे मत ठाम होते. देव हात पुढे करतो, तो धरायचा की नाही हे माणसाने ठरवायचे. आणि धरलेला हात माणूस सोडूही शकतो. सोडला की कारभार आटोपला.

त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा होता, आणि तो कॅल्विन या जुन्या धर्मसुधारकाच्या मताचा कट्टर अनुयायी होता. देव ज्याला निवडतो त्याला शेवटपर्यंत राखतो, त्यात माणसाचे कर्तृत्व शून्य, असे तो म्हणे. या दोघांचा वाद जेवणाच्या टेबलावर इतका रंगे की ताटे वाळून जात. मग मास्तरांच्या पत्नी म्हणत, “जगाच्या आरंभापूर्वी भांडी घासायला कोणाला नेमलंय, तेवढं आधी ठरवा.”

घरात मास्तरांची आई होती. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपासून तिची स्मृती पाझरत चालली होती. प्रथम शेजाऱ्यांची नावे गेली, मग सुनेचे, मग मुलाचे. लोकांचे ऐकून तीही मुलाला “अहो मास्तर” म्हणू लागली. तीन महिन्यांपूर्वी घरातील प्रार्थना आटोपल्यावर तिने विचारले, “मास्तर, हा येशू कोण हो? आपल्याकडे भाड्याने राहायचा का?”

मेहुणा हसला. पत्नीही हसल्या. मास्तर मात्र उठून बाहेर गेले.

कारण त्यांच्या शास्त्राभ्यासाच्या वहीत पहिल्याच पानावर तांबड्या शाईने लिहिलेले होते: “जो विश्वास सोडतो, तो तुटतो.” हे वाक्य त्यांनी पंधरा वर्षे शिकवले होते. त्यात आपल्या आईसाठी एखादी फट आहे काय, हे ते आता शोधीत होते, आणि फट सापडत नव्हती. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या प्रभुभोजनाच्या दिवशी, त्यांनी आईला घरीच ठेवले. न ओळखता ती भाकर खाणे म्हणजे स्वतःवर दोष ओढवून घेणे, असे त्यांना वाटे. लोकांना मात्र त्यांनी आईचे गुडघे दुखतात असे सांगितले.

पुढे मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्या मनात आले की, हा घरगुती वाद सर्वांनी ऐकावा. म्हणून त्यांनी एका पहिल्या रविवारी, उपासनेपूर्वी नऊ वाजता, मंडळीच्या दालनात तो ठेवला.

त्या सकाळी पत्नी म्हणाल्या, “अहो, आज आई प्रभुभोजनाच्या मेजावर येणार.”

“बघू.”

“तीन महिने बघताय. गुडघे काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. काल जिना चढून गच्चीत जाऊन आल्यात त्या.”

गाडीशी येताच आई थेट पुढे, दुसऱ्या ब्रेकच्या आसनावर जाऊन बसली. किती विनवले तरी हलेना. शेवटी मास्तर चाकाशी बसले, पत्नी व मेहुणा मागे. चौकात आईने पाय लांबवला आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. मेहुण्याचे कपाळ पुढच्या आसनावर आपटले.

“भावोजी, गाडी नक्की कोण चालवतंय?”

“तू गप्प बस.”

दालनात चाळीसेक माणसे जमली होती. आईला तिसऱ्या रांगेत बसवले. तिने पिशवीतून रुमाल काढून त्याच्या घड्या घालण्यास आरंभ केला.

मास्तर प्रथम बोलले. “शिकाऊ माणसाच्या हाती चाक असतं. मी शेजारी बसतो, पण चाक ओढून घेत नाही. नाहीतर तो शिकायचा कधी? देवही तसाच बसतो.”

मेहुणा उभा राहिला. “भावोजी, बावीस वर्षांत तुमच्या गाडीत किती जण दगावले?”

“देवाच्या कृपेने एकही नाही.”

“कशाने म्हणालात?”

लोक हसले. मास्तर म्हणाले, “आणि थोडं माझ्या पायाने.”

“ब्रेक दाबण्याआधी शिकाऊ माणसाला विचारता का, की बाबा रे, दाबू का?”

“विचारायला सवड कुठे असते?”

“झालं. माझं म्हणणं एवढंच आहे.”

टाळ्या पडल्या. परंतु मास्तर मुरलेले होते. “मग आता माझं ऐक. माझ्या गाडीत जो बसेल, त्या प्रत्येकासाठी मी ब्रेक दाबतो. तुझ्या मताप्रमाणे देव निवडलेल्यांसाठीच दाबतो आणि बाकीच्यांना भिंतीवर जाऊ देतो. असा मास्तर असता तर त्याचं लायसन काढून घेतलं असतं!”

“बरोबर!” औषधांच्या दुकानातील बाई मोठ्याने म्हणाल्या.

मेहुण्याने कान खाजवला. मग म्हणाला, “हे मलाही टोचतं. हा खडा माझ्याही बुटात आहे. काढता येत नाही, आणि बूट टाकून अनवाणी चालायचीही हिंमत नाही.”

येथे मास्तरांचा विजय झाला होता. त्यांनी खाली बसावयास हवे होते. परंतु त्यांची दृष्टी तिसऱ्या रांगेतील रुमालावर गेली, आणि ते उभेच राहिले.

“एक विचारतो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “समज, शिकाऊ माणूस चालवता चालवता सगळंच विसरला. चाक काय, रस्ता काय, आपण निघालो कुठे. शेजारच्याला म्हणाला, तुम्ही कोण? मग काय होतं त्याचं?”

लोकांना वाटले, हा नवा डाव आहे. मेहुण्याने मात्र वर पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरची चुरस मावळली.

“भावोजी, तो असं म्हणाला तर तुम्ही गाडीतून उतराल?”

“मी?”

“त्याने ओळखलं नाही म्हणून. उतराल का?”

“नाही.”

“मग? माझ्या मतात एवढंच काय ते बळ आहे. बाकीचं तुम्ही खुशाल पाडा. आपल्या हातून सुटलं, तरी देवाच्या हातून सुटत नाही.”

“पण मेजावर येण्याआधी माणसाने स्वतःला पारखावं, असं शास्त्रच—”

मागून पत्नी उठल्या. “अहो, आईंबद्दल विचारताय, ते सांगून टाका ना!”

मास्तरांनी टेबलाची कड धरली. “आईचे गुडघे ठीक आहेत,” ते म्हणाले. “मीच तिला आणत नव्हतो. ती प्रभूला ओळखत नाही.”

पाळकसाहेब चष्मा पुसत होते. ते म्हणाले, “मास्तर, ते मेज तुमचं नाही, आणि माझंही नाही. ज्याचं आहे, तो तिला ओळखत नाही असं कोणी तुम्हाला सांगितलंय का?”

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटले.

उपासनेत त्यांनी आईचा दंड धरून तिला मेजापाशी नेले. तिने भाकर चावली, क्षणभर विचार केला, आणि सर्वांस ऐकू जाईल असे म्हणाली, “मीठ विसरलेत.”

“हो, आई,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही कोण?”

“मी मास्तर. घरी सोडायला आहे.”

“मग थांबा,” ती म्हणाली, आणि प्याला घेतला.

परतीच्या वाटेवर मेहुण्याने मागून विचारले, “काय भावोजी, आलात ना आमच्यात?”

“मुळीच नाही. निवड माणूसच करतो. बुधवारी ये, दाखवतो तुला.”

घरी आल्यावर मास्तरांनी वही उघडली. तांबड्या शाईचे वाक्य त्यांनी खोडले नाही. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने चार शब्द लिहिले: “ज्याला आठवते, त्याच्यासाठी फक्त.” मग आईचे बूट काढून ते जागेवर ठेवले.

कथा येथे पुरी झाली. दोन्ही मतांच्या वाचकांनी मजवर सारखाच लोभ ठेवावा. वाचनाचे श्रम घेतल्याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
शांतवन यो. साळवी