चंद्रामागचा ढग

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना स्टँड आहे. मला तीन पाय आहेत आणि त्यांतला एक अधू आहे. ज्या पत्राला तीन वर्षे उत्तर गेले नाही, ते याच अधू पायाला बांधून मला या घरी पाठवले होते.

पत्रात लिहिले होते, "दाजी, तुमचा चंद्र मिळाला. आधी वाटलं, ताईने कणकेचा गोळाच पाठवला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, स्वतःचा फोटो एकदा तपासायचा तरी! तुमचे हात थरथरतात म्हणून हा लंगडा पाठवतोय. दोघं मिळून धड उभे राहाल."

लिहिणारा माझा पहिला मालक, स्टुडिओवाला बाळ्या. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक.

मला माझी कथा नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण एक नक्की. मला सूड हवा होता.

मी नवा होतो तेव्हा स्टुडिओवाला मला मऊ फडक्याने पुसायचा. "हा माझा उजवा हात," असे गिऱ्हाइकांना सांगायचा. सतरा वर्षे मी त्याचा कॅमेरा पेलला. एकदा त्यालाच माझी ठेच लागली, तर त्याने मला लाथ घातली. पायाची खिट्टी तुटली आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात गेलो.

या घरी आलो, तर स्वयंपाकघराच्या दारावर त्याचेच कॅलेंडर! पाण्याच्या टाकीवर पूर्ण चंद्र, हा त्याचा गाजलेला फोटो. वर्ष उलटले तरी ताईंनी ते कौतुकाने ठेवले होते. मला ठाऊक होते, तो चंद्र नव्हताच. स्टुडिओतल्या दिव्याचा काचेचा गोळा ढगाळ आकाशावर जोडला होता. दोन्ही वेळा कॅमेरा माझ्याच डोक्यावर होता. पण मला तोंड कुठे होते?

दाजींनी पत्र शब्दकोशात ठेवले आणि चंद्राचा नाद सोडला. मी कपाटामागे धुमसत राहिलो.

शेवटी ताईच म्हणाल्या, "अहो, त्याला बाहेर काढा, नाहीतर भंगारात द्या. येताजाता पाय अडकतो माझा."

दाजींनी माझा पाय पुस्तकबांधणीच्या दोऱ्याने आवळला आणि मला गच्चीवर नेले. पुन्हा तोच पांढरा गोळा! रात्र आहे म्हणून ते शटर बराच वेळ उघडे ठेवत. एका संध्याकाळी पुस्तक वाचता वाचता ते ओरडले, "अगं, चंद्रावर ऊन असतं!"

"मग? छत्री देऊ त्याला?"

"तसं नव्हे. उन्हातल्या भिंतीसारखा त्याचा फोटो झटकन घ्यायचा!"

त्यांनी माझ्या पोटाखाली शब्दकोशाचे दोन खंड पिशवीत टांगले. मी हलेनासा झालो. कॅमेऱ्याचा टायमर लावून ते दोन पावले मागे सरले, हात पाठीशी. दहा सेकंद मी प्राण पणाला लावून उभा राहिलो. अर्धा चंद्र आला, आणि कडेचे खड्डे सावल्यांसकट एकेक मोजून घ्यावेत असे!

दाजींनी फोटो कागदावर छापून आणला. तो कॅलेंडरशेजारी धरला, आणि एकाएकी त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

"काय करताय? बाळ्याचा फोटो आहे तो!"

"हा ढग बघ. चंद्राच्या मागून गेलाय."

ताई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. "इतकी वर्षं मी हा शेजारणींना दाखवत्येय."

दाजी ओशाळले. "जाऊ दे. तुझा धाकटा भाऊ आहे. माझीच चूक असेल."

"कणकेचा गोळा म्हणाला ना? आणि तोही माझ्या नावावर!" ताईंनी कॅलेंडर स्वतः उतरवले. "पाठवा. तिकीट जास्तीचं लावा, पाकीट जाड होईल."

दाजींनी ढगाभोवती लाल वर्तुळ काढले. समासात दोनच शब्द लिहिले, 'एकदा तपासावे.' सोबत आपला अर्धा चंद्र ठेवला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना सांभाळा. दया म्हणून नको. तुम्ही काय काय केलेत ते आम्ही जवळून पाहिलेले असते, आणि लाथ आम्ही विसरत नाही.

काल गच्चीऐवजी टेकडीवर जायचे म्हणून दाजी मला खांद्यावर घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते थबकले. पाकीट अर्धे आत, अर्धे बाहेर. हात थरथरत होता. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी मला खाली टेकवले आणि माझ्यावर भार दिला.

आम्ही दोघे धड उभे राहिलो. पाकीट आत पडले.