म्हसोबाच्या वाटेतलं घर

म्हैस घ्यायची तर सकाळ-संध्याकाळ तिच्याखाली बसून धार काढून बघायची आणि मगच पैशाचं बोलायचं. हे मला कुणी शिकवायला नको. नेसरीत माझ्या गोठ्यात पाच म्हशी आहेत, त्यातली एकही मी डोळे झाकून घेतलेली नाही. पण गडहिंग्लजचं ते घर मात्र मी भर दुपारी, एकदाच बघितलं आणि इसार देऊन मोकळी झाले.

घर स्वस्त होतं. दोन खोल्या पुढे, दोन मागे, कौलं फुटलेली, भिंतींना ओल. दुरुस्ती करून खोल्या भाड्याने द्यायच्या असा माझा बेत होता. आमच्या भावकीला तो पटला नाही. पैसा आला की रान घ्यायचं, एवढंच त्यांना माहीत. मी कुणाचं ऐकलं नाही. पाटल्या गहाण टाकल्या, उरलेलं कर्ज पतसंस्थेतून काढलं. मॅनेजर म्हणाला, "चार खोल्यांचं भाडं येणार म्हणून देतोय बरं का. हप्ते थकले तर घरही जाईल आणि पाटल्याही." मी म्हटलं, बघा तरी.

आकाराम गवंड्याने कौलं बदलली, गिलावा केला. पहिलं भाडेकरू जोडपं राहायला आलं आणि आठवड्याच्या आतच चंबूगबाळं आवरून निघालं. त्यातली बायको मोरीत अंघोळ करत होती आणि तिच्या स्वयंपाकघरातून एक म्हातारी हातात तांब्या घेऊन खुशाल मागे चालली होती!

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गल्लीत हजर. बघते तर काय, माझ्या घरातून नुसती रांग लागलेली. मागच्या परसात झुडपाआड शेंदूर लावलेला दगड होता, तो गल्लीचा म्हसोबा. रोज सकाळी त्याला पाणी घालायचं, म्हैस व्याली की पहिला चीक त्यालाच. वाट एकच, डावीकडच्या दोन खोल्यांतून. घर स्वस्त का मिळालं ते मला तेव्हा कळलं. कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

तांब्यावाली म्हातारी, चिमणाबाई, कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "घर इकत घेतलंस म्हून द्येव इकत घेतला न्हाईस. त्येला हलवून तर बघ!"

आमचे हे, हंबीरराव, तसे शांत. पण तेही म्हणाले, "गवंड्याला सांगून दगड गल्लीच्या तोंडाला बसवूया की. लोकांस्नीबी सोय हुईल."

"आणि म्हसोबा गल्लीचा असून मी उचलून ठेवू? घर माझं हाय, त्यो माझा न्हाय."

"मग काय करतीस?"

"वाट देतो."

ह्यांनी डोळे मोठे केले. वाट द्यायची म्हणजे डावीकडच्या दोन्ही खोल्यांचा पट्टा कापायचा. दोनाची एकच खोली उरणार. "आगं, मॅनेजरनं चार खोल्या मोजल्यात. हप्ता कुठनं भरायचा?"

"दुधाच्या पैशातनं भरतो. न्हाय जमलं तर पाटल्या जाऊ द्यात."

बोलायला बोलले खरी. त्या पाटल्या माझ्या आईच्या. तरीही आकारामाला सांगून भिंत पाडली, नवी उभी केली आणि घराच्या कडेने परसापर्यंत फरशीचा बोळ काढला. भावकीत मला येडी ठरवलं गेलं. वर्षाराणीनं पाटल्या गहाण टाकून लोकांना रस्ता बांधला म्हणे! मी उलटून चार शब्द सुनावले आणि कामाला लागले.

दोन हप्ते दुधाच्या पैशातून भरताना जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्याच्या तोंडावर चिमणाबाई स्वतः नेसरीला आली, एस्टीने, सोबत एक मुलगी. "ही दीप्ती. गारगोटीची, दवाखान्यात नर्स हाय. खोली बघून दे म्हणाली. मी म्हटलं, ह्या गल्लीत ऱ्हायचं तर तिथंच ऱ्हा, ती बाई सरळ हाय." दीप्तीमागून तिच्या दोन मैत्रिणी आल्या, मग शाळेचे एक मास्तर सहकुटुंब. तीनही खोल्या भरल्या. दिवाळीनंतर पाटल्या सोडवून मी हातात घातल्या आणि मुद्दाम हातावर पदर न घेता भावकीतून फिरून आले.

परवा कौल बदलायला गडहिंग्लजला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी किटली घेतलेला एक पावणा चिमणाबाईला विचारत होता, "म्हसोबाला कुठनं जायाचं, मावशी?"

"त्ये काय, वर्षाराणीच्या बोळातनं."

मी जागच्या जागी थांबले. रान सासऱ्यांच्या नावावर, माहेरचं घर भावाच्या, डेअरीच्या पुस्तकातसुद्धा नाव ह्यांचं. आणि इथे माझ्या नावाने लोक वाट सांगतात. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

"कोण ही वर्षाराणी?" पावण्याने विचारलं.

"मीच की," मी म्हटलं. "चला, दावतो."