नाईकसाहेबांच्या मानेचा पट्टा

मी एक जुना मानेचा पट्टा आहे. आत फोम, वर कापड, मागे चिकटवायची पट्टी. घामाने माझा रंग पार उडाला आहे. पण मित्रांनो, हसू नका! मी लष्कराच्या इस्पितळातून आलो आहे आणि एका सैनिकाची मान सांभाळली आहे.

तलासरीकडच्या झरी गावचे, लष्करात नाईक या हुद्द्यावर असलेले उमेश यांची गाडी डोंगरात उलटली, मानेचा मणका दुखावला आणि आमची जोडी जमली. पुढे ते निवृत्त होऊन गावी आले. घरात मी त्यांच्या गळ्यात; पाहुणा आला की लगेच खाटेखाली! "फौजी माणूस पट्टा लावून बसलाय म्हणतील," असे ते पुटपुटत. मला फार वाईट वाटे.

याच ताठ्याने घात केला. अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे जातानाही त्यांनी मला पिशवीत कोंबले. डॉक्टरांनी विचारले, "कसं वाटतंय?"

"एकदम फिट, सर!"

झाले! टक्के इतके कमी लागले की अपंगत्वाचे पेन्शन हातचे गेले. घरी त्यांच्या पत्नी, दक्षावहिनी, कडाडल्या, "डॉक्टरला कशाला फिट सांगितला तुम्ही?"

अपील केल्यावर पुन्हा बोलावणे आले. या वेळी वहिनी सोबत गेल्या, मी त्यांच्या हातात. नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वर बघा." साहेबांनी छाती पुढे काढली आणि कमरेतून मागे वाकून छताकडे पाहिले. मान जागची हलली नाही.

वहिनींना राहवेना. "मॅडम, घरी पण असंच करतात. घोलवडला चिकू तोडायला गेले, तर वरचा चिकू बघता येईना. परत आले."

"नाईक, कमर सरळ ठेवा. आता फक्त मान," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. "दुखतंय?"

"दुखतं, मॅडम. हात पण बधिर होतो."

'दुखतं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. टक्के योग्य लागले आणि पेन्शन सुरू झाले.

मित्रांनो, घरातले कोणी "मी ठीक आहे" म्हणाले, तर त्यांच्याकडे एकदा नीट बघा. आणि आम्हा पट्ट्या-काठ्यांना खाटेखाली लोटू नका.

यंदा प्रजासत्ताक दिनाला साहेब पदके लावून झेंड्यापाशी उभे राहिले. मीही गळ्यात होतो, सगळ्या गावासमोर! शेजारच्या शुक्रीआजींनी मला बोट लावून विचारले, "हा पण मिलिटरीचाच का रे?"

"होय आजी," साहेब म्हणाले, "हा पण तिथंच मिळाला."

आणि मित्रांनो, सगळ्या पदकांच्या वर मी होतो.