विचारलं नाही

दातांच्या डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या डेंटल बोर्डावर बहुतेक सगळे डॉक्टर. एक खुर्ची मात्र सामान्य नागरिकासाठी, आणि ती गेल्या वर्षी सुवर्णा ओगलेला मिळाली. भारतीयांनी गजबजलेलं आयसेलिन सोडून नवऱ्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेत आलेली, डेटाबेसचं काम करणारी बाई. पेशंटच्या बाजूनं विचार करणारं कुणीतरी असावं म्हणून ही खुर्ची असते. पहिल्याच मीटिंगमध्ये चेअरमननी तिची ओळख "इंडियन कम्युनिटीचा आवाज" अशी करून दिली आणि सगळे कौतुकानं हसले. सुवर्णाला ते खुपलं. आपण कुणाचा आवाजबिवाज व्हायचं नाही, फाइल वाचायची आणि मत द्यायचं, असं तिनं तिथंच ठरवलं.

मार्चमध्ये सुलभाकाकूंची केस आली. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या काकूंची एक दाढ दुखत होती. डॉक्टरांनी भूल देऊन दोन काढल्या. दुसरीही किडली होती, तोंडी परवानगी घेतली होती, त्यांनी मान हलवली, असं डॉक्टरांचं म्हणणं. काकूंची तक्रार एवढीच, की दुसरी आपल्याला न सांगता काढली.

सून सावनी साक्षीदार होती, त्यामुळे तिला बाहेर बसवलं होतं. काकू टेबलाशी एकट्याच, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. मराठी दुभाषी मागवली होती. स्पीकरफोनवर आली ती मूळची हिंदीची. मराठी आपण सांभाळून घेऊ, म्हणाली.

डॉक्टरांच्या वकिलानं विचारलं, दुसरी दाढ काढायला तुम्ही होकार दिला होता का?

"मला विचारलंच नाही हो," काकू म्हणाल्या. "विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

फोनवरच्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, "मी त्याचा विचारच केला नाही. विचार केला असता तर नको म्हटलं असतं."

सुवर्णानं मान वर केली. वकील म्हणाला, "म्हणजे नंतर विचार केल्यावर तुम्हाला वाईट वाटलं." हे हिंदीतून काकूंपर्यंत गेलं. त्यांनी वाईट वाटलं एवढंच ओळखलं आणि होकारार्थी मान हलवली.

एक वाक्य बोलायचं होतं. भाषांतर चुकलंय, एवढंच. पण सदस्यांनी स्वतःची माहिती केसमध्ये आणायची नाही, हे बोर्डाच्या वकिलानं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. शिवाय आता बोललं की सगळे तिच्याकडे वळून बघणार, आली आपल्या माणसाच्या मदतीला, असं. तिनं पाण्याचा ग्लास उचलला. तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

दार बंद करून चर्चा झाली. एक डॉक्टर म्हणाले, "ती स्वतःच म्हणाली की विचार केला नव्हता." केस बंद करायच्या बाजूनं हात वर झाले. सुवर्णाचाही झाला.

बाहेर पाण्याच्या नळापाशी काकू उभ्या होत्या. "बाई, तुम्ही मराठी ना? पाटीवर नाव वाचलं. तुम्हाला तरी कळलं असेल मी काय म्हणाले ते."

पक्षकारांशी बोलायला सदस्यांना मनाई होती. ते मराठीत सांगता आलं असतं. सुवर्णा म्हणाली, "एक्स्क्यूज मी," आणि बाजूनं निघून गेली.

घरी जेवताना तिनं नवऱ्याला, विनयला, सगळं सांगितलं.

"टेक्निकली तू बरोबरच होतीस यार," तो म्हणाला. "नियमच आहे तसा."

"नियम मला नंतर आठवला. आधी लाज वाटली."

"कशाची?"

"त्यांची. त्यांच्याबरोबर आपल्याला धरतील याची."

विनय ताटं उचलायला उठला.

सकाळी तिनं बोर्डाच्या वकिलाला फोन केला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "चूक झाली हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही मत दिलंत."

"हो."

भाषांतराबद्दल बोर्डाला सावध करायला कुठलाच नियम आड येत नव्हता, हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं. तिला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रेकॉर्डिंग तपासलं, सुनावणी पुन्हा झाली. सुवर्णानं लेखी जबाब दिला आणि त्या केसमधून बाजूला झाली. काकू तोवर साताऱ्याला परतल्या होत्या. त्यांनी व्हिडिओवरून साक्ष दिली, या वेळी नीट मराठी जाणणाऱ्या दुभाष्यामार्फत. डॉक्टरांना ताकीद मिळाली. दाढ काही परत येणार नव्हती. सुवर्णानं महिन्याभरात राजीनामा दिला. चेअरमननी आभाराचा ईमेल पाठवला. तो तिनं पूर्ण वाचला नाही.

उन्हाळ्यात इंडियन ग्रोसरीत सावनी भेटली. सुवर्णा वळून दुसऱ्या बाजूला जाणार होती, पण सावनीनंच हाक मारली.

"आता केस संपली, म्हणून बोलते. चूक कुणी दाखवली ते आम्हाला कळलं नाही. तुम्हाला माहितीय?"

"मी. पण मत दिल्यानंतर. ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं."

सावनीच्या हातात कढीपत्त्याची पिशवी होती. ती तिनं ढकलगाडीत ठेवली. "आई घरी येऊन म्हणाल्या, नाव मराठी आहे, पण त्या बाई इथंच वाढलेल्या असणार. त्यांना मराठी कळत नसेल. आम्हीही तेच धरून चाललो."

"कळतं," सुवर्णा म्हणाली. "मी सांगलीची आहे."

सावनीनं मान हलवली आणि गाडी ढकलत काउंटरकडे गेली.