कागदात बसणारी गाठ

मास्तरांच्या पाठीवरची गाठ काढून तेरा वर्षं झाली होती. कातडीच्या कॅन्सरचा तो दुर्मिळ प्रकार होता, पण रिपोर्टात ‘कडा स्वच्छ’ असं लिहिलं होतं. पाच वर्षं ते दरवर्षी दाखवायला गेले. पुढे शिलाईचं दुकान वाढलं आणि जाणं राहून गेलं.

फेब्रुवारीत जुन्या व्रणाशेजारी पुन्हा टणक लागलं. मास्तरांना पाठ दिसेना, म्हणून माप घेतलं धाकट्या भावाने. दुकानातलं कापणं त्याच्याकडेच होतं. त्याने गाठीभोवती खडू फिरवला, वर कागद दाबला आणि उमटलेला आकार कापून घेतला. दर रविवारी तो कागद पाठीवर ठेवायचा.

“आतच आहे, दादा. वाढली नाही.”

“भावोजी, तुमचा कागद डॉक्टरकी कधी शिकला?” मास्तरांची बायको म्हणायची.

“माझं माप कधी चुकलंय का, वहिनी?”

असे सहा महिने गेले. शेवटी बायकोने दुकानाचं शटर ओढलं आणि दोघांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावली. साडेचार सेंटिमीटर. मग धाकट्याने आणलेला कागद ठेवून पाहिला. गाठ बरोबर बसली.

“फेब्रुवारीत एवढीच होती?”

“एवढीच,” धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी कागद उलटा केला. खडूची पुसट रेघ कडेपासून चांगली अर्धा इंच आत होती. कोटाच्या बटणाएवढा गोल.

धाकटा बघतच राहिला. शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडूनच कापायची त्याच्या हाताला सवय होती. वीस वर्षं तसाच कापत आला होता.

“पण तेव्हा कडा स्वच्छ होत्या ना?” मास्तरांनी विचारलं.

“होत्या. तरी ही गाठ कधीकधी इतक्या वर्षांनीही उलटते. म्हणून तर दरवर्षी या म्हटलं होतं. आधी तुकडा तपासू. तीच निघाली तर या वेळी जास्त रुंद काढावी लागेल.”

“किती रुंद?” धाकट्याने विचारलं.

“एमआरआय बघून सांगतो.”

मास्तर शर्टाची बटणं लावत होते. एक घर चुकलं, पुन्हा सोडलं. त्यांना रागवायचं होतं; कोणावर, ते ठरेना.

“मग सहा महिने तू मला काय सांगत होतास रे?”

“दिसत होतं तेच, दादा.”

बायको तोवर काउंटरवर तपासणीची तारीख मागत होती.